धुतलेले शहाण्णव दगड

दगड धुऊन ठेवावा, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही. माझे वडील खाणीवर दगड फोडायचे आणि उरलेल्या वेळात पाटे-वरवंटे घडवायचे. बाजाराच्या आदल्या दिवशी आम्ही भावंडं ते पाटे काथ्यानं घासून, धुऊन उन्हात ठेवायचो. धुळीचा दगड गिऱ्हाइकापुढे ठेवायचा नाही, हा वडिलांचा नियम होता. ओला केला की रंग कळतो, चीर असली तर दिसते, गिऱ्हाईक फसत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती याच कामापायी. तेव्हा काही वाईट वाटलं नव्हतं. वाईट पुढे वाटलं, अमेरिकेचे फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा. ‘शिक्षण’ या रकान्याशी माझा हात अजून थांबतो.

थोरल्या दिरांनी आमचे कागद केले. ते यायला इतकी वर्षं लागली की आम्ही आशाच सोडली होती. आता आम्ही टेक्सासात प्लेनोला राहतो. नवरा देशी किराणा दुकानात माल लावतो, मुलगी कॉलेजला जाते आणि मी एका एजन्सीतर्फे लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करते. स्वयंपाक, औषधं, कपडे, सोबत. काम मिळालं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली होती, आणि त्या दिवसापासून ते जाईल या भीतीनं सांगितल्यापेक्षा थोडं जास्तच करत आले. पुढचं सगळं त्या ‘थोडं जास्त’मुळे घडलं.

ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते प्रोफेसर रशियाचे. भूगर्भशास्त्रज्ञ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, एकटेच, मोठ्या घरात. डोळ्यांच्या मधोमध डाग पडला होता, त्यामुळे कडेनं थोडं दिसायचं. दारात माणूस उभा आहे हे कळायचं, कोण ते कळायचं नाही. आमचं दोघांचंही इंग्रजी मोडकंच. मी ते इथे मराठीत लिहिते म्हणून नीट वाटेल, तसं ते नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “कुठली तू?”

मी म्हटलं, “इंडिया, सर. महाराष्ट्र.”

“बेसॉल्ट!” ते एकदम खूश झाले. गाव नाही विचारलं, घरी कोण कोण आहे ते नाही विचारलं. “काळा, जड, थरावर थर. डोंगर पायऱ्यांसारखे. बरोबर?”

“बरोबर, सर. तो आम्ही फोडायचो.”

“फोडायचात? हातानं?” त्यांनी खुर्चीतूनच हात पुढे केला. “मग तू माझी कलीग.”

ते पोस्टमनलाही कलीगच म्हणायचे, हे मला नंतर कळलं. तरी त्या दिवशी घरी जाऊन मी मुलीला तीन वेळा त्याचा अर्थ विचारला.

घर विकायला काढलं होतं. त्यांची मुलगी लांब दुसऱ्या राज्यात. तिनं वृद्धांच्या निवासात त्यांच्यासाठी खोली बघितली होती. त्या खोलीत माणूस मावणार होता, दगड नाही. आणि दगड म्हणजे गॅरेजभर. इथे टेक्सासात गोळा केलेले होतेच, पण जीव होता तो सायबेरियाच्या शहाण्णवांत. तरुणपणी नदीकाठानं पायी हिंडून आणलेले, आणि देश सोडताना कपडे मागे ठेवून बरोबर घेतलेले. एका विद्यापीठाच्या संग्रहालयानं ते ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. तिथल्या बाई शनिवारी पाहायला येणार होत्या. त्यांनी नेले तर नेले. नाहीतर घर रिकामं करणारी माणसं बाकीच्या अडगळीबरोबर उचलून टाकतील, असं मुलीनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

बुधवारी प्रोफेसर डोळ्यांत इंजेक्शन घ्यायला शेजाऱ्यांबरोबर गेले. मी गॅरेजमध्ये गेले, त्या शहाण्णवांची खोकी उघडली. दगडांवर किती वर्षांची धूळ! आणि प्रत्येकावर जखमेला लावतात तसल्या चिकटपट्टीचा मळका तुकडा, कडा काळ्या पडलेल्या. मला मनातून बरंच वाटलं, की आपल्याला येतं असं काम निघालं. शनिवारी पाहुणे येणार, आणि दगड हे असे?

बाथरूमच्या टबमध्ये कोमट पाणी भरलं, भांड्यांचा साबण घातला आणि खोकं-खोकं करत सगळे भिजवले. पट्ट्या अलगद सुटल्या. पाणी जांभळं व्हायला लागलं. इतक्या जुन्या धुळीला असा रंग असेल, असं मी समजून घेतलं. आपल्याला हवं तसं माणूस समजून घेतो. मग ब्रशनं घासून, पुसून मागच्या अंगणात उन्हात मांडले. मोठे मागे, लहान पुढे, बाजारात पाटे मांडायचो तसे. पट्ट्या पिशवीत भरून मागच्या गल्लीतल्या डब्यात टाकल्या. संध्याकाळी दगड पुन्हा खोक्यांत ठेवले, तेही आकारानं लावून.

गुरुवारी दुपारी प्रोफेसरांनी एक दगड आणायला सांगितला. मी चांगला काळाभोर बघून आणला. त्यांनी तो हातात घेऊन अंगठा फिरवला. उलटा केला. पुन्हा फिरवला.

“पट्टी?”

“कुठली पट्टी, सर?”

“याच्यावर पट्टी असते.”

“ती मळकी? ती मी काढली. धुतले सर, सगळे. शनिवारी बाई येणार ना?”

“सगळे?”

“हो.”

“पट्ट्या कुठे आहेत?”

“कचऱ्यात. गाडी सकाळी गेली.”

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या पट्ट्यांवर नंबर होते, ओलं झाल्यावर जांभळ्या होणाऱ्या पेन्सिलीनं लिहिलेले. नंबर वहीतला, आणि वहीत लिहिलेलं की हा दगड कुठल्या नदीच्या, कुठल्या कड्याच्या, कितव्या थरातला. संग्रहालयाच्या यादीतही तेच नंबर. नंबर गेला की दगडाला गाव उरत नाही. हे सगळं त्यांनी मला फार सावकाश समजावलं, वर्गात सांगावं तसं. मग म्हणाले, “आता हे बागेत लावायला चांगले आहेत.” आणि मी निघताना नेहमीसारखं ‘उद्या ये, कलीग’ म्हणाले नाहीत.

घरी मी रडून-रडून सांगितलं. मुलगी ऐकतच राहिली. “आई, तू टबमध्ये रॉक्स धुतलेस? लाइक, डिश सोप लावून?”

“मग काय लावणार?” नवरा म्हणाला. “अगं, तिचा काय दोष? त्यांनी सांगायला नको? इतकं मोलाचं होतं तर कुलपात ठेवायचं.”

“बाबा, प्लीज. इट्स नॉट हेल्पिंग.”

नवऱ्यानं सुचवलं की एजन्सीला कळवून दुसरं घर मागून घे. मीही तेच ठरवून झोपले. सकाळी उठले आणि वाटलं, दुसऱ्या घरी गेले तर तिथेही हात चालायचा नाही. दुकानावर जाता-जाता नवऱ्यानं मला सोडलं तेव्हा मी त्यांच्याच दारात उतरले.

“सर,” मी म्हटलं, “वही आहे ना? वहीत दगड कसा दिसतो ते लिहिलंय ना? मग मी शोधते.”

“वही रशियनमध्ये आहे. मला दिसत नाही. तुला वाचता येत नाही.”

“मला इंग्रजीसुद्धा इथे येऊन आलं, सर.”

मग त्यांनी संग्रहालयाला फोन करून सहा आठवड्यांची मुदत मागितली. त्यानंतर घराची किल्ली द्यायची होती, म्हणजे त्याच्या पलीकडे एक दिवसही मिळणार नव्हता.

माझ्या मुलीनं फोनचं भाषांतराचं ॲप लावून बघितलं, पण त्या हस्ताक्षरापुढे त्यानं हात टेकले. एका पानाचं तर ‘गाईचा लग्नसमारंभ’ असं काहीतरी आलं. मग तिनं मला छापील अक्षरांचा तक्ता काढून दिला. मी प्रत्येक अक्षरापुढे आपलं अक्षर लिहिलं. लिहिता-लिहिता लक्षात आलं, की ही लिपी बरीचशी आपल्यासारखी आहे, लिहिलेलं ते उच्चारायचं. इंग्रजीसारखी फसवाफसवी कमी. पण इंग्रजीच आडवी यायची. इंग्रजीतला पी इथे ‘र’ होता, एच म्हणजे ‘न’. आणि प्रोफेसरांच्या हस्ताक्षरात ‘त’ला तीन पाय असायचे. दोन आठवडे मी बटाटे सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना तो तक्ता समोर चिकटवून ठेवला. सातवीच्या परीक्षेलाही इतका अभ्यास केला नव्हता.

मग आमचं काम सुरू झालं. वहीतली ओळ मी अक्षर लावत मोठ्यानं वाचायची. मला अर्थ कळायचा नाही, त्यांना दिसायचं नाही. ते ऐकून म्हणायचे, “पुन्हा. हळू.” मग एकदम, “हां! काळा, दाट, बदामाच्या आकाराचे पांढरे दाणे. शोध!” मी टेबलावरचे दगड चाळायची. असे पांढरे दाणे असलेले अठरा. त्यांतून दाणे पोकळ असलेले पाच. मग मी एकेक टिचकावून बघायची. लहान हातोडी मारली की आतून सलग दगड खणखणतो, चीर असलेला बद्द वाजतो. हे वडिलांनी शिकवलेलं. वहीत ‘आत चीर’ असं लिहिलेलं असलं की माझं काम सोपं. शेवटी तो दगड त्यांच्या हातात द्यायचा. ते अंगठ्यानं चाचपायचे, वास घ्यायचे, चक्क जिभेनं चाटायचे.

“शी, सर!”

“साबणाची चव आहे,” ते म्हणायचे. “तुझी मेहेरबानी.”

दगड ओळखू आला की ते त्याची गोष्ट सांगायचे, आणि अशी मला त्यांची हकिगत कळत गेली. उलटसुलट, दगड हाती लागेल त्या क्रमानं. वडील लढाईवर गेले ते परतले नाहीत. आई रेल्वेच्या गावात शाळामास्तरीण. पहिला दगड त्यांनी रुळांमधल्या खडीतून उचलला, आणि तो कुठून आला हे गावात कुणालाच सांगता येईना, म्हणून शिकायला गेले. विद्यार्थी असताना सायबेरियात पाठवलं. डासांच्या ढगातून चालायचं, खोकी रेनडियरच्या पाठीवर. एकदा नदीत तराफा उलटला, तेव्हा त्यांनी दगडांचं खोकं धरलं आणि पिठाचं पोतं जाऊ दिलं. पुढे आठ दिवस नुसते मासे, तेही अळणी.

“बरोबरचे लोक काही म्हणाले नाहीत?”

“एक मित्र म्हणायचा. मरेपर्यंत म्हणायचा. माझ्या लग्नातही पिठावरच बोलला.”

पुढे डॉक्टरेट, प्रोफेसरकी. परदेशी शास्त्रज्ञांची पत्रं त्यांच्यापर्यंत फोडून यायची, आणि बोलावणं आलं तरी परवानगी मिळायची नाही. मग तो देशच मोडला. महिनोन्‌महिने पगार नाही, वर्गात हीटर नाही. ते ओव्हरकोट घालून शिकवायचे आणि मुलं हातमोज्यांत लिहायची. पन्नाशी उलटल्यावर इथे आले. इथल्या मुलांनी पहिल्याच वर्षी लिहून दिलं, की या प्रोफेसरांचं बोलणं समजत नाही. दुसऱ्या वर्षीपासून ते वर्गात आधी एक-एक दगड मुलांच्या हातात द्यायचे, आणि बोलायचे मागाहून.

“मग समजायला लागलं?”

“नाही. पण तक्रार बंद झाली. हातात दगड असलेला माणूस तक्रार करत नाही.”

चौथ्या आठवड्यात मी फसले. एक दगड हातात आला, काळा, निळसर झाक असलेला, वजनाला नेमका आमच्या खाणीतल्यासारखा. “सर, हा आमच्याकडचा! तुम्ही भारतात गेला होतात ना? हा आमचाच आहे, मी सांगते. मी असले हजारो फोडलेत.”

ते भारतात एकदा गेले होते खरे, पण दगड आणायची त्या वेळी मुभा नव्हती. “वहीत बघ,” ते म्हणाले. एकोणचाळीस नंबरच्या ओळीत सगळं होतं. निळसर झाक, एका कडेला करवतीनं कापल्यासारखा सपाट भाग, बोटभर लांब ओरखडा. सायबेरियातला, नदीच्या डाव्या काठाचा. मी ओशाळले. प्रोफेसर मात्र खुशीत होते. तिकडचा आणि आमच्याकडचा लाव्हा, दोघांच्या वयात कित्येक कोटी वर्षांचं अंतर, आणि तरी हातात सारखे. याच्याच अभ्यासात त्यांची अर्धी नोकरी सरली होती. म्हणाले, “मीसुद्धा एकदा असाच खात्रीनं चुकलो आहे. छापून. म्हणून वाटतं ते लिहायचं नाही. वहीत सापडलं तर लिहायचं, नाही तर बाजूला ठेवायचं.”

त्याच सुमारास एकदा मी विचारलं, की नंबरासाठी दवाखान्यातली पट्टी का वापरायचात? ते म्हणाले, “दुसरं काही टिकायचं नाही. तुकडीबरोबर एक नर्स होती, तिच्या पेटीतली चोरायचो. ती भांडायची. मग वैतागून स्वतःच कापून द्यायला लागली, नंबरही तीच लिहायची.” मग म्हणाले, “पुढे आमचं लग्न झालं.”

म्हणजे मी कचऱ्यात टाकलं ते त्यांच्या बायकोचं अक्षर होतं. इतके आठवडे त्यांनी हे सांगितलं नव्हतं. मी सॉरी म्हणायला गेले, तर त्यांनी टेबलावर बोट आपटलं. “चाळीस. वाच.”

मुदत संपली तेव्हा शहाण्णवांपैकी एकोणऐंशी दगडांना नंबर मिळाले होते. सतरा उरले. आदल्या दिवशी प्रोफेसरांच्या मुलीचा फोन आला. ती माझ्याशी आजवर कधी वाईट बोलली नव्हती, तेव्हाही नाही. म्हणाली, “धुतल्याचं त्या बाईंना सांगायची गरज नाही. नंबर परत लागले आहेत ना? त्यांनी शंका घेतली तर सगळंच नाकारतील. प्लीज, पप्पांचा विचार कर.”

रात्रभर मी त्यांचाच विचार केला. चूक माझी, नाकारणार त्यांचं. सकाळी त्यांना विचारलं, “सर, काय करू?”

“नंबर कोणी लावले?”

“मी.”

“मग मला काय विचारतेस?”

संग्रहालयाच्या बाई आल्या. पाणी दिलं. त्यांनी पहिलं झाकण उघडायच्या आत मी म्हटलं, “मॅडम, एक मिनिट. आधी मी बोलते.” टब, साबण, पट्ट्या, कचऱ्याची गाडी, सगळं सांगितलं. इंग्रजी कुठे मोडलं, कुठे जोडलं, माहीत नाही. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या प्रोफेसरांकडे वळल्या. ते म्हणाले, “तिला विचारा. मला दिसत नाही.”

बाईंनी एक दगड उचलला. “हा त्रेसष्ट कशावरून?”

मी वही उघडली, ओळ वाचली, त्यांना दाण्यांच्या दोन रांगा दाखवल्या, हातोडीनं टिचकावून चिरेचा आवाज ऐकवला. त्यांनी दुसरा उचलला. मग तिसरा. असे अकरा. सातव्याला मी अडखळले, तेव्हा मीच म्हटलं, “हा बाजूला ठेवा, मला पक्कं आठवत नाही, वही बघू द्या.” वहीत सापडला. अकरा झाल्यावर त्यांनी पेन काढलं. एकोणऐंशी नेणार होत्या. प्रत्येकापुढे लिहिणार होत्या, की मूळ पट्टी नष्ट, नंबर वहीवरून पुन्हा लावला. आणि कुणी लावला ते. त्या रकान्यात लिहायला त्यांनी माझं नाव विचारलं, स्पेलिंगसकट. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घेतला. मूळ वही मात्र काम संपेपर्यंत आमच्याकडे राहू दिली. सतरा त्यांना नको होते. “पत्ता मिळाला तर कळवा,” एवढं म्हणाल्या.

प्रोफेसर आता निवासात राहतात. सतरा दगड माझ्या अपार्टमेंटमध्ये, कपड्यांच्या कपाटाखाली आहेत. मुलीच्या ठेचा लागून झाल्या. एजन्सीचं काम संपलं, पण दर बुधवारी मी लाइट रेलनं जाते. पिशवीत डबा, वही आणि टॉवेलात गुंडाळलेला एक दगड. आतापर्यंत चार लागले. आता त्यांना लवकर थकवा येतो. कधी एकच ओळ तीनदा वाचावी लागते.

गेल्या बुधवारी नेलेला दगड त्यांनी हातात घेतला आणि लगेच म्हणाले, “अठ्ठ्याऐंशी. लिही.”

मी अठ्ठ्याऐंशीची ओळ वाचली. त्यात लालसर शीर होती. हातातल्या दगडात शीर कुठे नव्हतीच. मी खिडकीपाशी नेऊन बघितला, ओला करून बघितला.

“नाही, सर. शीर नाही.”

“असेल. घासलीस तू.”

“शीर घासून जात नाही, सर.”

“मी सांगतो ना, अठ्ठ्याऐंशीच. मी तो उचलला आहे! लिही आणि मोकळी हो. तुला इतक्या लांबून यावं लागतं.”

माझ्या हातात पेन होतं. लिहून टाकलं असतं तर एक कमी झाला असता, आणि कुणाला कधी कळलं नसतं. त्यांना बरं वाटलं असतं.

“वहीत नाही सापडला, सर,” मी म्हटलं. “बाजूला ठेवते.”

ते माझ्यावर चिडले. रशियनमध्ये काहीतरी पुटपुटले, तोंड भिंतीकडे केलं. मी डबा उघडला, मऊ खिचडी वाढली. चार घास खाल्ल्यावर त्यांनी विचारलं, “शीर खरंच नाही?”

“नाही, सर.”

“मग ऐंशीच्या पुढच्या सगळ्या ओळी पहिल्यापासून वाच.”

जेवण बाजूला ठेवून मी एक्याऐंशीपासून सुरुवात केली. नव्वदीपर्यंत पोचलो तेव्हा नर्स औषधं घेऊन आली. मी दगड टॉवेलात गुंडाळला, वहीत कागद घातला आणि स्टेशनकडे निघाले.